दोन नोटिसा

आमचं लग्न १० फेब्रुवारी २०२५ ला जळगावात विशेष विवाह कायद्याखाली झालं. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात. कोर्टाचा संबंध नसतो, विवाह अधिकाऱ्याचं ऑफिस असतं. पण माझी आजी शेवटपर्यंत ‘माझ्या नातीला कोर्टाची पायरी चढावी लागली’ म्हणून डोळे पुसत होती. ही पायरी चढताना मला जे कुणी सांगितलं नाही, ते लिहून ठेवते आहे. कागदपत्रांची माहिती कुठेही मिळते, पण नोटीस लागल्यापासून लग्न लागेपर्यंतच्या तीस दिवसांत काय काय होऊ शकतं, ते कुठे मिळत नाही.

नवऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याला चालणार नाही, आणि का चालणार नाही ते पुढे येईलच. मैत्रिणीला जाई म्हणते. तेही खरं नाव नाही.

मी धरणगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, माहेर जळगावचं. तो शिरपूर तालुक्यातला, नोकरी अमळनेरला, लाइट बोर्डात. जाती वेगळ्या. घरच्यांचा विरोध नव्हता, पण लग्न कोणाच्या पद्धतीनं लावायचं यावर दोन्हीकडच्या काका लोकांनी तोंडं फुगवली, तेव्हा हाच म्हणाला, सही करून मोकळे होऊ आणि वरण-बट्टीचं जेवण घालू. त्याचं हे दुसरं लग्न. पहिलं दीड वर्ष टिकलं, २०२२ मध्ये संमतीनं घटस्फोट झाला. आमच्या दुसऱ्याच भेटीत त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली होती. ‘वाचून घे, मग चहा पिऊ.’ मी वाचलं, चहा प्यायले, आणि माझ्याकडे त्याला दाखवण्यासारखा काहीच कागद नाही असं मनापासून धरून चालले.

साखरपुडा ८ डिसेंबरला झाला. जाई चोपड्याहून सकाळच्या एसटीनं आली आणि आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. डीएडला आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढलेली. ती असली की कुणाला कंटाळा येत नाही, हे खरं. आईच्या हातातून भरिताची वांगी घेऊन तिनं गच्चीवर काट्याकुट्याच्या जाळावर भाजली, ह्याच्या बहिणीला मेंदी काढून दिली, आणि जेवताना सगळ्यांसमोर ह्याला विचारलं, ‘जिजू, आधीच्या वेळी पण भरीतच होतं का?’ सगळे हसले. तोही हसला. पण त्यानं ताटातली पुरी तशीच ठेवून हात धुतला, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

नोटीस द्यायला ६ जानेवारीचा सोमवार धरला. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात आधीचे सलग तीस दिवस राहत असला पाहिजे, एवढी अट. माझा पत्ता जळगावचा असल्यानं प्रश्न नव्हता. फॉर्म ऑनलाइन भरून प्रिंट नेली होती. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्यासाठी आधार, फोटो, आणि त्याच्याकडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. साधी झेरॉक्स चालत नाही. घटस्फोट झालेल्यांनी कोर्टातून दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच काढून ठेवाव्यात, नंतर एका प्रतीसाठी पुन्हा अर्ज करा, पुन्हा तारीख घ्या. सरकारी फी दोघांची मिळून पाचशेच्या आत होती. बाहेर झाडाखाली बसलेल्या एजंटनं सात हजार सांगितले होते. झेरॉक्स, फोटो, ये-जा आणि चहा धरून आमचे सगळे मिळून अडीच हजार गेले असतील.

नोटिशीच्या नमुन्यात दोघांचं नाव, वय, व्यवसाय, राहता पत्ता, कायमचा पत्ता आणि वैवाहिक स्थिती असते. ती त्या ऑफिसात ठळक जागी लावतात. ह्याचा कायमचा पत्ता शिरपूरचा, म्हणून एक प्रत धुळ्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही गेली, तिथेही लागायला. अशा वेळी जावक क्रमांक मागून घ्या आणि आठवड्यानं धुळ्याला प्रत पोचली का ते विचारा. नोटीस लागली त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे, तोवर लग्न लागत नाही. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही, तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तिसरी साक्षीदार जाई ठरलेली, म्हणून ती नोटिशीच्या दिवशीही उगाच सोबत आली. उगाच हा माझा आजचा शब्द; तेव्हा मीच बोलावलं होतं. कारकुनानं फलकावर कागद लावला, जाईनं त्याच्यापुढे माझ्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला, आणि परतीच्या एसटीत बसल्या बसल्या तो स्टेटसला ठेवला. ‘अखेर माझी वेडी अडकली.’ मागे कागद स्वच्छ वाचता येत होता. माझा घरचा पत्ता. त्याचा घरचा पत्ता. आणि त्याच्या नावापुढे ‘घटस्फोटित’.

त्याच्या ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. अमळनेरला बदलून येऊन त्याला दोनच वर्षं झालेली, आणि तो स्वतःहून सांगणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाइनमनपासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळलं. आमच्या शाळेतही पोचलं. मुख्याध्यापक सर चांगले आहेत, पण त्यांनीही ‘नीट चौकशी केली ना बेटा?’ असं विचारलंच.

मी जाईला फोन केला. ती म्हणाली, ‘त्यात लपवायचं काय? खरंच आहे ना ते? आणि बोर्डावर तर लावलंच आहे की सरकारनं.’ बोलणं असं की उत्तर सुचू नये. ऑफिसच्या भिंतीवरचा कागद तिथे मुद्दाम जाणारे दहा लोक वाचतात आणि स्टेटस चारशे लोक, हे मला रात्री अंथरुणात सुचलं. पण तोवर मी ह्याला फोनवर सांगून बसले होते की तिच्या मनात तसं काही नव्हतं, ती आहेच अशी. तो म्हणाला, ‘बरं.’ मग तीन दिवस त्याचे मेसेज नुसते ‘जेवलीस का’ आणि ‘झोप आता’. तुमच्याकडेही नोटिशीत ‘घटस्फोटित’ किंवा ‘विधवा’ लिहिलं जाणार असेल तर ज्यांना कळायला हवं त्यांना आधीच तोंडानं सांगून टाका, हे मी आता सगळ्यांना सांगते. महिनाभर तो शब्द भिंतीवर असतो.

संक्रांतीला तो आला, तिळगूळ दिला, जाईचा विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

१८ जानेवारीला, शनिवारी, मामा चोपड्याहून आला. त्याच्या पत्त्यावर माझ्या नावाचं रजिस्टर पत्र आलं होतं. सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयाची नोटीस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१. अर्जदार एक पतसंस्था. जाब देणार क्रमांक एक जाई, क्रमांक दोन तिचा चुलतभाऊ, क्रमांक तीन मी. येणे बाकी व्याजासह १,६२,४००. सुनावणी २३ जानेवारी.

२०२१ च्या उन्हाळ्यात जाईनं पार्लरसाठी दोन लाखांचं कर्ज काढलं होतं. लॉकडाऊननं तिचे हाल झालेले. संस्थेला पगारदार जामीनदार हवा होता, मी पगारपत्रक दिलं, सहा-सात ठिकाणी सह्या केल्या आणि आम्ही दोघींनी बाहेर येऊन कुल्फी खाल्ली. पहिली दोन वर्षं हप्ते गेले. मग मी विचारणं सोडलं आणि तिनं सांगणं. त्या वेळी मी मामाचा पत्ता दिला होता, म्हणून आधीच्या नोटिसा आल्या असतील तर मामीनं कुठेतरी फळीवर ठेवल्या असतील.

जामीनदार म्हणजे ‘कर्जदार पळाला तर बघू’ असं मी समजत होते. तसं नसतं. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेनं आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असा क्रम नाही. १०१ चा वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी जामीनदाराची मालमत्ता आणि पगारही जप्त करायला लावू शकतो. हे मला मामाच्या ओळखीच्या वकिलांनी शनिवारी संध्याकाळी समजावलं, फी घेतली नाही. आजी बाजूला पान जुळवत होती. तिनं एवढंच विचारलं, ‘काबर करी वं सही?’

ह्याला सांगायचं की नाही? मी नाही ठरवलं. सुनावणी होऊ दे, रक्कम ठरू दे, मग सांगू. त्याच्या फोल्डरचा मला त्या क्षणी रागच आला, खरं सांगते.

मी रात्री जाईवर फोनवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. तीही ओरडली. शेवटी म्हणाली, ‘नोटीस लागलीय ना तुझी? मग मीही हरकत घेऊ शकते, विसरू नको.’ आणि रविवारी सकाळी तिनं ह्याला फोन केला. ‘तुमची होणारी बायको माझी जामीनदार आहे. तिनं सांगितलंच असेल.’

तिनं हे का केलं, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, माझ्याआधी तिला स्वतःच्या तोंडून ते त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं. डीएडलाही ती असंच करायची. स्वतः काच फोडायची आणि स्वतःच रेक्टरकडे धावत जाऊन सांगायची, तेही अशा तऱ्हेनं की शेजारी उभं असणारंही त्यात यावं.

तो दुपारच्या पॅसेंजरनं आला. आई चहा टाकायला उठली तर म्हणाला, ‘थांबा काकू.’ मला म्हणाला, ‘नोटीस बघू.’ मीटरचं रीडिंग घेतात तशी त्यानं ती वाचली, प्रत्येक आकडा दोनदा. मग घडी घालून माझ्या हातात दिली.

‘अजून कुठे सही आहे तुझी?’

मी नाही म्हणणार होते. आणि मग आठवलं. संस्थेनं माझ्या पगाराच्या खात्याचे दोन कोरे चेक सही करून घेतले होते. ‘पद्धत आहे मॅडम.’ साडेतीन वर्षांत ते माझ्या मनातही आले नव्हते. मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. आई दारातच उभी.

‘मला कर्जाचं काही नाही,’ तो म्हणाला. ‘मला ती सांगते आणि तू सांगत नाहीस, हे फार वाईट वाटलं.’ त्याचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं चहा मागितला, आणि मी चहा करताना पहिल्यांदा रडले, कारण तोवर तो उठून जाईल अशीच मी वाट पाहत होते.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर अर्धी रजा टाकून विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेले. हरकत खरंच कोणीही घेऊ शकतं का? घेऊ शकतं. पण कारण कायद्यात दिलेलंच लागतं: आधीचा जोडीदार हयात असून लग्न मोडलेलं नसणं, संमती देण्यासारखी मनाची स्थिती नसणं, मुलाचं वय २१ किंवा मुलीचं १८ पूर्ण नसणं, किंवा निषिद्ध नात्यात असणं. हरकत आली तर अधिकारी चौकशी करतात, त्याला तीस दिवसांची मुदत असते. मी आडून आडून विचारलं, मैत्रिणीशी पैशांवरून वाद असेल तर? कारकून रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, ‘भांडण हे कारण कायद्यात नाही, मॅडम. नाहीतर एकही लग्न लागलं नसतं.’

२३ तारखेला मी किरकोळ रजा टाकली. त्याला येऊ नको म्हटलं होतं, तो पहाटे अमळनेरहून मोटरसायकल घेऊन दारात. विदगावच्या पुलावर तापीचं धुकं इतकं होतं की पुढचा उसाचा ट्रॅक्टर लाल दिव्यावरून कळत होता. अडावदच्या अलीकडे केळीच्या बागा, घडांना पिशव्या चढवलेल्या. थंडीनं पानं पिवळी पडली होती. सबंध रस्ताभर आम्ही एकच वाक्य बोललो. तो म्हणाला, ‘मफलर नीट घे.’

सहायक निबंधकांच्या ऑफिसात बाकावर आमच्यासारखे वीसेक लोक होते. जामीनदार चेहऱ्यावरून ओळखू येतात, कर्जदारांपेक्षा ते जास्त घाबरलेले असतात. जाईचा चुलतभाऊ तिथे भेटला. केळीवाला शेतकरी, माझ्यासारखाच सही करून बसलेला. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होतो. जाई अर्ध्या तासानं आली, डोळे सुजलेले, पार्लरवालीच्या भुवया न कोरलेल्या. तिला पाहून माझा राग निम्मा झाला आणि त्याचाच पुन्हा राग आला. आणि हा उठून बाहेर गेला, चार चहा घेऊन आला, त्यातला पहिला तिला दिला. त्या चहासाठी मी त्याच्याशी पुढे दोन दिवस भांडले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी करा. एक, तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर तुमच्या माघारी निकाल होतो. दोन, संस्थेकडून कर्जखात्याचा उतारा लेखी मागा. आमच्या उताऱ्यात जाईनं भरलेला एक हप्ता जमा दाखवला नव्हता, पावती तिच्या पर्समध्ये होती. तेवढी रक्कम कमी झाली. संस्थेच्या वसुलीवाल्याशी बोलून तडजोड अशी झाली की निम्मे आता, बाकीचे दरमहा सात हजारांनी जाईनं भरायचे, दहा तारखेच्या आत. निम्म्यासाठी जाईनं बांगडी मोडून तीस हजार आणले, तिच्या चुलतभावानं पंचवीस, मी पंचवीस. माझे पंचवीस बस्त्यातले. मी लग्नाला साखरपुड्याचीच साडी नेसले, फोटोत कुणाला कळत नाही. जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा त्याला हक्क असतो, म्हणून तिथल्या तिथे जाईकडून लिहून घेतलं आणि संस्थेची पावती माझ्या नावानं फाडायला लावली. कोरे चेक मात्र अजून संस्थेकडे आहेत, कर्ज फिटल्यावर मिळतील म्हणाले. ते परत मागायचा अर्ज देऊन पोच घेऊन ठेवली आहे.

परतताना त्यानं अडावदला गाडी थांबवली आणि शेवभाजी मागवली. तिखट इतकं की दोघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. त्यातच मी विचारलं, ‘लग्न करायचं ना?’ तो म्हणाला, ‘नोटिशीला अजून तेरा दिवस आहेत, तेवढ्यात आठव अजून काही असलं तर.’ हे हसत म्हणाला की कसं, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी आपापले सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जांच्या नोंदींचे उतारे, काढले. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. माझ्यात हे कर्ज कुठेच नव्हतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यांची कर्जं आणि जामीनक्या तिथे बहुधा दिसतच नाहीत. म्हणजे लग्नाआधी रिपोर्ट दाखवून ‘बघ, मी स्वच्छ’ असं मी अगदी खऱ्या कागदावर खोटं बोलू शकले असते. आम्ही मग एका वहीत लिहिलं, कुठे कुठे सही आहे, कोणाला किती दिलेत, कोणाकडून किती यायचेत. त्याच्या बाजूला चार ओळी, माझ्या बाजूला अकरा. मैत्रिणी, बहिणी, एक भिशी.

५ फेब्रुवारीला तीस दिवस झाले. हरकत आली नाही. जाईला साक्षीला बोलवायचं का, यावर घरात तीन मतं होती. मी बोलावलं नाही. तीही काही म्हणाली नाही.

१० तारखेला अकराला गेलो, नंबर पावणेदोनला लागला. मूळ आधार कार्डं आणि साक्षीदारांचे फोटो बघितले गेले. त्याची बहीण, माझा मामा, आणि तिसरा साक्षीदार जाईचा चुलतभाऊ. सुनावणीच्या दिवशी नंबर घेतला होता, मीच विचारलं होतं. सही करताना मामा त्या चुलतभावाला म्हणाला, ‘दादा, सहीची भीती नाही वाटत का आता?’ तो म्हणाला, ‘ही बिनव्याजी आहे.’ अधिकारी बाईंनी आम्हाला एकमेकांकडे बघून वाक्य म्हणायला सांगितलं: मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. माझ्या वेळी नावात चूक झाली, पुन्हा म्हणावं लागलं. तीन मिनिटांचं काम. प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळालं. तिथेच उभं राहून दोघांच्या नावांची स्पेलिंगं तपासा, आमच्या प्रमाणपत्रात शिरपूरचा पिनकोड चुकला होता, लगेच दुरुस्त करून दिला.

रविवारी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी केली. जाईचं ताट मी मनात धरलं होतं, आईनं आचाऱ्याला सांगितलेल्या आकड्यातही धरलं होतं. ती आली नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या आठ-नऊ तारखेला तिच्याकडून व्हॉट्सअॅपवर हप्त्याच्या पावतीचा फोटो येतो. सोबत एक शब्द नाही. मी अंगठा दाखवते. फेब्रुवारी ते जुलै, सहा पावत्या झाल्या. मे महिन्यातली ह्यानंच आधी पाहिली, माझ्या फोनवर, आणि म्हणाला, ‘तिला एकदा जेवायला बोलाव, आता उन्हाळ्याची सुट्टी आहे.’ मी बोलावलं नाही. कानबाईच्या सणाला शिरपूरला रोटांचं जेवण होतं, तेव्हाही मनात आलं होतं.

आज १२ ऑगस्ट. या महिन्याची पावती अजून आलेली नाही. मगाशी मी फोन हातात घेतला तर हा बाजूला बसून वही काढत होता.